पहिलीच्या नावाचं कार्ड

माझी काकू बिजवराला दिलेली. काकांची पहिली बायको गेली आणि वर्षाच्या आत ही आली. लग्नात तांदळाच्या ताटात काकांनी अंगठीनं जे नाव लिहिलं, ते पहिलीचंच. आमच्यात तेव्हा काही घरांत तशी रीत होती. गेलेलीला वाटू नये की आपली जागा दुसऱ्या कुणी घेतली. तिला वाटावं, आपण अजून घरातच आहोत. माहेरचं नाव काकूनं मांडवातच सोडलं आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीनं पहिलीचा टाक घातला. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची बोटभर आकृती, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. पहिलीचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. त्यामुळे लहानपणी मला ती तशीच दिसायची, चपटी आणि पापण्या नसलेली.

पितृपक्षात अविधवा नवमीला तिचं पान वाढलं जायचं. नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांची ही तिथी. गुरुजी बाहेरच्या खोलीत पहिलीचं नाव घेऊन पिंड द्यायचे, आणि आत पुऱ्या तळणारी काकू ते नाव ऐकून ‘ओ’ द्यायला तोंड उघडायची नि मिटायची. दरवर्षी. मला त्याचं फार हसू यायचं. एकदा मी तिला विचारलं, की आपलंच श्राद्ध ऐकताना कसं वाटतं. ती म्हणाली, जेवायला बोलवल्यासारखं वाटतं, पण आपल्याला नाही. त्यानंतर मात्र मी हसले नाही.

आमचं शहर हिंदी मुलखातलं, आणि काका तिथल्या सरकारी दफ्तरात होते. टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांतून आमची मंडळी पुढे थाटीपुरात आली, ती त्यांच्या नोकरीच्या जोरावर. ते गेले तेव्हा काकूनं मंगळसूत्र उतरवलं, टाक मात्र काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यातच ठेवला. नवरा गेला की अविधवा नवमी बंद करायची असते, तशी आम्ही ती केली. गुरुजींनीच सांगितलं. काकूला ते पटलं नव्हतं. तिचं जेवण बंद झालं, आता ती काय खाईल, असं ती माझ्यापाशी दोनतीनदा म्हणाली आणि मी काहीतरी थट्टा करून विषय उडवला. मूल नसल्यामुळे काकू माझ्याकडेच राहायला आली होती. तिच्या म्हणण्याला मी म्हातारपणाची किरकिर समजायचे.

एका दुपारी लू, उन्हाळ्यातला भाजणारा वारा, अशी सुटली होती की खिडक्यांच्या काचा हाताला भाजत होत्या. काकूच्या गळ्यातला दोरा ब्लाउजच्या हुकात अडकला, म्हणून तिनं मला हाक मारली. दोरा सोडवताना माझी बोटं तिच्या छातीला लागली. टाक जिथे टेकायचा त्याच्या बरोबर खाली, कातडीच्या आत, एक कडक गाठ होती. मी हात मागे घेतला. केव्हापासून आहे, असं विचारलं तर म्हणाली, नवमी बंद झाल्यावर आली.

“ती बाहेर होती, आता आत आलीय,” काकू म्हणाली. “भूक लागलीय तिला.”

मी चिडले. मला संताप लवकर येतो आणि भीती वाटली की आणखीनच लवकर येतो. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. सुई घालून तुकडा काढला, तपासला, आणि जे निघायचं तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, पुढची औषधं मोठी आहेत, कार्ड आहे ना? मी ताठ मानेनं आहे म्हणाले. काकांच्या नोकरीमुळे काकूला सरकारी उपचाराचं कार्ड होतं. मी स्वतः खासगी शाळेत शिकवते. माझं नाव कुठल्याच यादीत नाही. सत्तरीनंतर सरकार सगळ्यांनाच कार्ड देतं, तोवर आजारी पडायचं नाही, असा माझा आणि सरकारचा तोंडी करार आहे. त्यामुळे त्या दिवशी मला काकूचा चक्क हेवा वाटला होता.

हॉस्पिटलमध्ये योजनेच्या काउंटरवर एक तरुण मुलगी होती, गोड बोलणारी. तिनं काकूला कॅमेऱ्यासमोर बसवलं. पडद्यावर काकूचा चेहरा आला, त्याच्याभोवती हिरवी चौकट आली, म्हणजे यंत्रानं तिला ओळखलं. मग चौकटीखाली तिचं नाव, काकांचं नाव, जुना पत्ता, आणि त्याच्याखाली लाल अक्षरं. मुलीनं दोनदा बटण दाबून पाहिलं. मग काकूकडे न बघता मला म्हणाली, “मैडम, ये तो हितग्राही मृत बता रहा है.”

हितग्राही म्हणजे लाभार्थी, म्हणजे काकू. पडद्यावर ती त्या वेळी डोळे मिचकावत होती. खालची लाल अक्षरं तशीच होती.

काय झालं होतं ते हळूहळू कळलं. जुन्या मृत्यूच्या नोंदी आता कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. त्यांत काकांच्या पहिल्या बायकोची नोंद होती. नाव तेच, नवरा तोच, पत्ता तोच. यंत्राच्या दृष्टीनं ती बाई कधीच वारली होती आणि तिच्या कार्डावर कुणीतरी इतकी वर्षं औषधं घेत होतं. पेन्शनसाठी काकू दर वर्षी हयातीचा दाखला द्यायची, तो मी पर्समधून काढून दाखवला. मुलगी म्हणाली, ते खातं वेगळं आहे, इकडे दिसत नाही. म्हणजे महाराज बाड्यावरच्या बँकेत काकू जिवंत होती आणि हॉस्पिटलात मेलेली. ती हे मान्य करून उठलीसुद्धा. मुलीला तिनं हिंदीत सांगितलं की तुझं यंत्र बरोबर बोलतंय बेटा, ती गेलीच आहे.

मी काकूला घरी आणलं आणि त्या दिवसापासून ती तिच्या नावाला ओ देईनाशी झाली.

मी तिला काकू म्हणते, त्यामुळे मला ते लगेच उमगलं नाही. पण शेजारच्या बाई नावानं हाक मारून थकल्या, की काकू माझ्याकडे बघायची, जणू दुसऱ्या कुणाला बोलावलंय आणि मी जाऊन सांगावं की ती घरात नाही. जेवताना पहिला घास ताटाबाहेर काढायची. आरशावर तिनं टॉवेल टाकला. मी तो काढायचे, ती पुन्हा टाकायची. एकदा म्हणाली, दुपारी स्वयंपाकघरातून कुणीतरी नावानं हाक मारतं, मी बोलत नाही, मला नसते ती हाक.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तरीही घडलं ते सांगते. एका दुपारी शाळेतून आले, दार उघडंच होतं. चपला काढता काढता मी शेजारच्या बाईंसारखी तिला नावानं हाक मारली, जरा चिडवायला. आतून, स्वयंपाकघरातून, “ओ” आली. स्वच्छ, तरुण आवाजातली. मी पाणी मागितलं आणि पंख्याखाली बसायला वळले, तर काकू समोरच्या पलंगावर झोपलेली. तोंड थोडं उघडं, टाक गळ्याच्या खळग्यात घसरलेला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओट्यावर पाण्याचा पेला भरलेला होता. तो काकूनंच आधी भरून ठेवला असेल. मागच्या घरातल्या कुणी कुणाला ओ दिली असेल. मी तो पेला मोरीत ओतला आणि बराच वेळ अंगणात उन्हात उभी राहिले.

इकडे माझ्या खेपा चालू होत्या. ज्या दफ्तरात नोंद दुरुस्त व्हायची, तिथल्या बाबूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. असला मामला त्यांनी आधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, रस्ते दोन आहेत. पहिला, ह्या दोन वेगळ्या बायका आहेत हे सिद्ध करा. काकूच्या माहेरच्या नावाचा कागद आणा, शाळेचा आणा, दुसऱ्या लग्नाचा आणा. काकूची शाळा केव्हाच बंद पडलेली, लग्न लावणारे गुरुजी गेलेले, माहेरी तिला माहेरच्या नावानं ओळखणारं माणूस उरलेलं नाही. शिवाय काकांनी दुसरं लग्न दफ्तरात कधी कळवलंच नव्हतं. नाव तेच, मग कळवायचं काय, असा त्यांचा हिशेब. ते सगळं उकरलं असतं तर मामला वर गेला असता आणि वर गेलेला मामला खाली कधी येतो हे देवालाही माहीत नसतं. दुसरा रस्ता सोपा होता. ती मृत्यूची नोंदच चुकीची आहे, असं शपथपत्र द्यायचं. ही बाई मेलीच नव्हती, बघा, समोर बसलीय. बाबू म्हणाले, एका ओळीचं काम आहे.

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. खोटं लिहायला माझी अजिबात हरकत नव्हती. ज्या देशात आजारी बाईला आधी विचारतात की तू कोण, कुणाची, कुठल्या यादीतली, त्या देशात मला सत्याचं ओझं वाटेनासं झालं होतं. दवाखान्यात विचारायचा प्रश्न एकच, कुठे दुखतंय. त्याचं उत्तर काकूच्या छातीत होतं, बोटाला लागत होतं. त्या गाठीनं तिचं नाव विचारलं नव्हतं, नवऱ्याची नोकरी विचारली नव्हती, वय विचारलं नव्हतं. रोग सरसकट सगळ्यांना आपलं म्हणतो. उपचारांनाच तेवढी नावं निवडायची असतात.

पण काकू सही करेना.

मी समजावलं, ओरडले, एकदा रडलेसुद्धा. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि माझा हात धरून हलक्या आवाजात, आतल्या खोलीतल्या कुणाला ऐकू जाऊ नये असं, म्हणाली, “ती जिवंत आहे असं मला लिहायला लावू नकोस. इतकी वर्षं मी तिला निजवून ठेवलंय. उठवू नका तिला.”

दुसरीकडे करायचं म्हटलं तर सरकारी दवाखान्यातली तारीख पावसाळ्यानंतरची मिळत होती. खासगीत करायचं तर घर विकायला लागलं असतं, आणि ते काकूनं मला शपथ घालून बंद केलं होतं. गाठ मोठी होत होती. आता टाक तिच्यावर नीट टेकत नसे, एका बाजूला कलायचा. मी दिवसा शाळेत शिकवायचे आणि फळ्यावर लिहिताना मला ती कललेली चपटी बाई दिसायची.

शेवटी मी बाबांना बोलावलं. बाबा काकांचे धाकटे भाऊ, ऐकू कमी येतं, माझ्या भावाकडे मुरारला असतात. मला वाटलं, दिराचं ती ऐकेल. ते आले, चहा प्यायले, मी त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. कार्ड बंद आहे, ते सुरू होईपर्यंत थांबलोय, हे ऐकल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

“पुन्हा कार्डाचीच वाट बघताय?” ते म्हणाले.

मला कळेना. काकूलाही. मग त्यांनी जे सांगितलं ते त्या घरात तोवर कुणी बोललं नव्हतं. पहिली वहिनी कशी गेली हे आम्हाला एवढंच ठाऊक होतं की तापानं गेली. बाबा म्हणाले, तिचं मूल पोटातच गेलं होतं, त्यानंतर ताप चढला. काका तेव्हा रोजंदारीवर होते, पण कायम होणार होते, कागद निघालेला होता. कायम झाले की घरच्यांना दवाखान्याचं कार्ड. बायकोचं नाव त्यांनी लिहून दिलेलंच होतं. डॉक्टर म्हणत होता मोठ्या दवाखान्यात घाला, बाहेरची इंजेक्शनं लागतील. आजी म्हणाली, कार्ड आज येईल, उद्या येईल, तेवढं थांबू. वहिनी अंगणाकडे तोंड करून पडून असायची आणि दफ्तराचा चपरासी गल्लीत दिसला की विचारायची, आलं का? ती गेली आणि मग कार्ड आलं. तिच्या नावाचं.

मग बाबा काकूकडे बघून म्हणाले की वहिनी, तुम्हाला ते नाव दिलं ते निव्वळ रीत म्हणून नाही. पुरोहितानं दुसरं नाव काढलं होतं. आजीच म्हणाली, तेच ठेवा, कार्ड वाया जायला नको.

माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो भुताचा नव्हता. सगळ्या जन्मात मी त्या रीतीला अंधश्रद्धा म्हणून नावं ठेवली होती. गेलेलीला शांत करायचं, तिची जागा भरायची, वगैरे. आणि खाली निघालं काय, तर एक पुठ्ठ्याचा तुकडा. एका बाईचा जीव त्याची वाट बघत गेला, म्हणून दुसरीला त्याच्या मापाचं नाव घातलं.

बाबांना वाटलं काकूला वाईट वाटलं, ते माफी मागायला लागले. तिनं हातानंच त्यांना थांबवलं. मग ती हिशेब केल्यासारखं बोलू लागली. माझा टायफॉइड त्या कार्डावर झाला, भाऊजी. डोळ्यांचं ऑपरेशन झालं. माझी दोन मुलं राहिली नाहीत तेव्हा मला दवाखान्यात ठेवलं होतं, ते त्याच कार्डावर, म्हणून मी वाचले. तिलाही तेच झालं होतं ना? तेच. म्हणजे ते औषध तिचं होतं. मी तिचं खात आले, आणि वर्षातून एकदा तिला पुरी वाढत होते.

मी तिला म्हटलं, काकू, तुझ्या वाटचं तुला आणि तिच्या वाटचं तिला मिळायला हवं होतं, तू कुणाचं काही खाल्लं नाहीस. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं असं मला वाटलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, उद्या दफ्तरात जाऊ. मी कारण विचारलं नाही. मला भीती होती की विचारलं तर ती मन बदलेल.

ऑपरेशन झालं, हे आधीच सांगून टाकते. उशीर झालाच होता, गाठ काखेपर्यंत पोचली होती आणि डॉक्टरांनी ते आमच्यापासून लपवलं नाही. औषधं अजून चालू आहेत, केस गेले होते ते आता लोकरीसारखे परत येताहेत, आणि किती दिवस हे कुणी सांगत नाही. ज्या वेळी काउंटरवरच्या मुलीनं पुन्हा कॅमेरा लावला आणि पडद्यावर “जीवित” आलं, तेव्हा ती मुलगी माझ्यापेक्षा जास्त खूश झाली. मी पडद्याकडे बघितलंच नाही. हिरव्या चौकटीत नेमका कुणाचा चेहरा असेल, याची मला अजून खात्री नव्हती.

पण मला झोपेत छळतो तो दफ्तरातला दिवस. सकाळची वेळ, खिडकीत कूलर घरघरत होता. शपथपत्र तयार होतं, तरी बाबूंना काकूच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, कारण सही करणारीला मजकूर समजलाय हे त्यांनी लिहायचं असतं. काकू खुर्चीवर अगदी सरळ बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि मी तिथे बसायला गेले तर काकूनं हातानं अडवलं, म्हणून मी मागे उभी राहिले. बाबूंनी त्या जुन्या नोंदीची तारीख वाचली, नाव वाचलं. त्या नावाला काकूनं इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा ओ दिली.

“तो अम्माजी,” बाबूंनी विचारलं, “ये मृत्यु नहीं हुई थी?”

काकूनं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

“नहीं होनी चाहिए थी,” ती म्हणाली.

बाबूंनी मान डोलावली आणि लिहिलं, नहीं हुई थी.